परराष्ट्र मंत्री खुलासा करतील काय?

अधिवेशन चालू असलं की गुरुवारी आणि शुक्रवारी माझ्या सेंटरवर मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो आणि त्यावर संसद टीव्ही चालू असतो. विट्यात सेवा केंद्र चालवते मी, दाखले, सातबारा, पॅन, स्कॉलरशिपचे अर्ज आणि गेली काही वर्षं पासपोर्टचे फॉर्म पण. लोक रांगेत उभं राहून विचारतात, ताई हे काय लावलंय, न्यूज लावा की. मी म्हणते थांबा जरा, आज परराष्ट्र खात्याचा वार आहे. कारण प्रत्येक खात्याचे वार ठरलेले असतात, हल्ली परराष्ट्रचा राज्यसभेत गुरुवार आणि लोकसभेत शुक्रवार. लोकसभेत अकराला प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो, राज्यसभेत बाराला.

मला हे वेड लागलं त्याला कारण माझा धाकटा भाऊ. आयटीआय करून वेल्डर झाला, २०१८ ला मुंबईच्या एका एजंटामार्फत आखातात गेला, एजंटाने एक लाख वीस हजार घेतले, पावती कसली नाही, आबांनी सोसायटीचं कर्ज काढून दिले. दीड वर्ष पगार बरा आला, मग २०२० चा मार्च आला, कंपनीने काम बंद केलं, पासपोर्ट त्यांच्याच कपाटात आणि पाच महिने पगार नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आठ जण. रात्री फोन आला की पहिलं वाक्य "आक्का, आईला सांगू नको" हेच असायचं. शेवटी अडकलेल्यांना आणायच्या सरकारच्या वंदे भारत मोहिमेच्या विमानाने आला परत, ऑगस्टमध्ये, अंगावरचे कपडे आणि एक हँडबॅग घेऊन. पगार तिकडंच राहिला. आजपण तिकडंच आहे.

तेव्हा कुणीतरी सांगितलं की हे संसदेत विचारायला लावा, परराष्ट्र मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. मी बसले शोधायला. तर कळलं की सप्टेंबर २०२० च्या त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवलेला नाही, कोरोनामुळे. फक्त लेखी उत्तरं. म्हणजे ज्या वर्षी बाहेर अडकलेल्या लाखो लोकांच्या घरात प्रश्न होते त्याच अधिवेशनात मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं आणि समोरच्याने लगेच उपप्रश्न विचारायचा ही सोय नव्हती. मला त्याचं तेव्हा फार लागलं आणि अजून लागतं.

हा फरक मलाही आधी माहीत नव्हता म्हणून सांगते. तारांकित प्रश्न म्हणजे तोंडी उत्तर, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित म्हणजे फक्त लेखी, उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं की विषय संपला. लोकसभेत एका दिवसाला तारांकित २० आणि अतारांकित २३०, राज्यसभेत १५ आणि १६०, आणि हे त्या दिवशीच्या सगळ्या खात्यांचे मिळून. नोटीस १५ दिवस आधी द्यावी लागते, कुणाचा नंबर लागणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आणि २० तारांकित छापले तरी तासाभरात बऱ्याचदा पाच-सहाच होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखीच धरायची.

प्रश्न खात्यात गेला की तिथं पळापळ असते म्हणे. आखाताचा असेल तर आखात विभागाकडे, पासपोर्ट-व्हिसाचा असेल तर त्या विभागाकडे, तिथून वकिलातीला मेल, वकिलातीकडून आकडे, मग मसुदा, मग वरच्या साहेबांच्या सह्या करत करत मंत्र्याच्या टेबलावर. तारांकित असेल तर उपप्रश्न कुठले येतील याचा अंदाज बांधून वेगळी जाडजूड फाईल करतात. आपण इथं विट्यात बसून एक प्रश्न खासदाराकडून टाकायला लावला तर रियाधच्या वकिलातीतल्या माणसाला आपलं रजिस्टर उघडावं लागतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. तहसीलला साधा अर्ज टाकला तर पोच मिळवायला तीन चकरा होतात हो.

मी एक एक उत्तर डाऊनलोड करून वाचायला लागले. वरती "विदेश मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि", खाली (क) (ख) (ग) (घ), आणि मग उत्तर, बरेचदा (क) ते (घ) एकत्रच. सुरुवातीला कंटाळा यायचा, सगळी सारखीच वाटायची. पण वीस-पंचवीस वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली, आणि ही पोस्ट मी त्याच्यासाठीच लिहितेय. प्रश्न मोघम असला की उत्तर मोघम येतं. "सरकारने काय पावले उचलली" असं विचारलं की दीड पान येतं, सरकार सर्वोच्च प्राधान्य देतं, वकिलाती सतर्क आहेत, हेल्पलाईन आहे, तक्रारींसाठी मदद नावाचं पोर्टल आहे. पण "कुठल्या देशात किती तक्रारी, त्यातल्या किती निकाली, किती प्रलंबित" असं विचारलं की खाली तक्ता येतो. देशांची नावं आणि आकडे. मार्च २०२५ मध्ये असाच नेमका प्रश्न राज्यसभेत होता आणि उत्तर आलं, परदेशातल्या तुरुंगांत कच्चे कैदी धरून १०,१५२ भारतीय, फाशीची शिक्षा झालेले ४९, त्यातले २५ एकट्या यूएईत, शिक्षेची अंमलबजावणी तोवर झालेली नव्हती. हा आकडा कुणी विचारला नसता तर मला विट्यात बसून कधी कळला असता?

आणि सभागृहात दिलेल्या उत्तराला वजन असतं, टीव्हीवरच्या बाईटला नसतं. चुकीची माहिती दिली तर हक्कभंगाची नोटीस येऊ शकते. "माहिती गोळा करत आहोत, पटलावर ठेवू" असं म्हटलं तर ते आश्वासन धरतात, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, त्याच्यावर लक्ष ठेवायला शासकीय आश्वासन समिती आहे.

मोसूलचं आठवतं का तुम्हाला? जून २०१४ मध्ये इराकमध्ये आयसिसने पळवलेले आपले ३९ कामगार, बहुतेक पंजाबचे. सुषमा स्वराज तेव्हा परराष्ट्र मंत्री. त्यांच्यातून सुटून आलेला एकजण सांगत होता की सगळ्यांना गोळ्या घातल्या, आणि संसदेत परत परत विचारणा व्हायची, जिवंत आहेत का नाहीत. जुलै २०१७ मध्ये लोकसभेत त्या म्हणाल्या की पुरावा नसताना कुणाला मेलेला जाहीर करणं पाप आहे, ते मी करणार नाही. मग २० मार्च २०१८ ला राज्यसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं की ३९ जण गेले, डीएनए जुळवून ओळख पटवली. आधी सभागृहाला सांगायचं असा त्यांचा आग्रह होता. पण तिकडं पंजाबात घरच्यांना ते टीव्हीवर बघून कळलं आणि त्यांनी तक्रार केली की आम्हाला आधी का नाही सांगितलं. मला दोन्ही बाजू पटतात आणि तरी त्या बायांचंच जास्त पटतं. चार वर्षं नवरा जिवंत धरून बसलेल्या बाईला सभागृहाचा मान काय सांगायचा. पण हेही खरं, की चार वर्षं तो विषय मेला नाही तो प्रश्न येत राहिले म्हणूनच.

आमच्या भागाचं या खात्याशी जुनं नातं आहे, ते नव्या पोरांना ठाऊक नसतं. विट्यापासून जवळच देवराष्ट्रे, सागरेश्वरच्या पायथ्याला, तिथं १२ मार्च १९१३ ला यशवंतराव चव्हाण जन्मले, तेव्हा हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. ऑक्टोबर १९७४ ते मार्च १९७७ ते देशाचे परराष्ट्र मंत्री होते. १५ वर्षांनी चीनला परत राजदूत पाठवायचं ठरलं, के. आर. नारायणन यांना, ते चव्हाणसाहेबांनीच १५ एप्रिल १९७६ ला लोकसभेत जाहीर केलं. आणि त्यांच्याच काळात, जून १९७५ ला आणीबाणी लागली आणि त्यानंतर जुलैत जे अधिवेशन झालं त्यात प्रश्नोत्तराचा तास बंद ठेवला होता. मी देवराष्ट्र्याच्या त्यांच्या जन्मघरी गेलते, साधं घर, आणि तिथं उभी असताना मनात हेच आलं की आपल्या मातीतला माणूस त्या खुर्चीत बसलेला आणि त्याला प्रश्न विचारायचा रस्ताच काही काळ बंद. साहेबांबद्दल आदर आहेच, आमच्या घरात फोटो आहे त्यांचा. पण हा तास बंद पडतो तेव्हा खुर्चीत कोण आहे त्याने फरक पडत नाही, नुकसान रांगेतल्या माणसाचं होतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. दरवर्षी उत्तरांमध्ये एक तक्ता असतो, इतक्या कामगारांना परदेशी जायची परवानगी दिली, राज्यवार. मी त्यात महाराष्ट्र शोधायचे, आखात शोधायचे आणि वाटायचं की या आकड्यात आमचा पण एक आहे. नव्हता. ती परवानगी फक्त ईसीआर पासपोर्टवाल्यांना, म्हणजे जे दहावी पास नाहीत त्यांना, आणि तीही ठरलेल्या १८ देशांत कामाला जाताना लागते. माझा भाऊ दहावी पास, आयटीआय झालेला, त्यामुळे तो त्या सिस्टीममध्ये आलाच नाही. विमा पण नाही. तो १० लाखांचा प्रवासी भारतीय बीमा असतो, दोन वर्षांचे २७५ रुपये, तो परवानगी घेणाऱ्यांना सक्तीचा, याला कुणी सांगितलाही नाही. आणि नोंदणी असलेल्या एजंटाने ३० हजार आणि वर जीएसटी एवढंच घ्यायचं असतं हे मला तीन वर्षांनी एका लेखी उत्तरात वाचायला मिळालं. एक लाख वीस हजार. आबा अजून त्याचे हप्ते मोजतात.

आमच्याकडची पोरं बहुतेक दहावी-बारावी-आयटीआय झालेलीच आहेत. गलाईच्या धंद्यात सोनं-चांदी आटवायला देशभर गेलेली माणसं आमची, बाहेर जायची भीती कुणाला नाही. पण ही पोरं तक्त्यात येत नाहीत, कारण तो प्रश्नच कुणी तसा विचारत नाही.

मागच्या आठवड्यात लेंगरे साईडचा एक पोरगा आला, एजंटाने व्हॉट्सॲपवर व्हिसा पाठवलेला, म्हणला ताई प्रिंट काढा. बघितलं तर व्हिजिट व्हिसा, कामाचा नाहीच. त्याच्यासमोर ई-मायग्रेटच्या साईटवर, म्हणजे खात्याच्या नोंदणीवाल्या एजंटांच्या यादीत, एजंटाचं नाव टाकलं, यादीत नाही. गेल्या काही वर्षांत खात्याने तीन हजारांवर बेकायदा एजंटांची नावं जाहीर केलीत, त्यात पण नाही. पोरगा गप्प झाला. पन्नास हजार दिलेत म्हणला, आईचा डाग मोडून.

त्याच रात्री मी प्रश्न लिहिला. नियम बघून, दीडशे शब्दांच्या आत, टोमणा नाही, आरोप नाही, प्रश्नात ते चालत नाही. (अ) ज्यांना परवानगी लागत नाही अशा पासपोर्टवर कामाला गेलेल्यांची नोंद सरकार ठेवतं काय, नसल्यास कारणं काय. (ब) व्हिजिट व्हिसावर नेऊन कामाला लावल्याच्या किती तक्रारी गेल्या पाच वर्षांत आल्या, देशवार, आणि त्यातल्या महाराष्ट्रातून किती. (क) बेकायदा एजंटांवर राज्य पोलिसांकडे किती प्रकरणं पाठवली, किती गुन्हे नोंद झाले, त्याचं पुढं काय झालं.

उद्या सांगलीला जाऊन खासदारांच्या ऑफिसात देणार आहे, झेरॉक्सवर पोच घेणार. भाऊ जेवायला बसलेला, त्याला वाचून दाखवला. आता तो एमआयडीसीत आहे, आखाताचं नाव सहसा काढत नाही. ताटातली भाकरी तशीच ठेवून ऐकत होता. मग म्हणला, आक्का, २०२० ला परत आलेल्यांच्या राहिलेल्या पगाराचं घातलंस का?

नव्हतं घातलं. (ड) लिहिला आणि परत प्रिंट काढली.