चालत्या प्रेतांवर संशोधन करणाऱ्या बाई: पात्र रचताना

पिंजारलेले केस, तळघर, विक्षिप्त हसू हे सगळं मागाहून. आधी बाईंचा प्रश्न ठरवा. माझ्या मते तो एकच आहे: मेलेल्या स्नायूला ऊर्जा कुठून मिळते?

स्नायूत मायोसिन हे प्रथिन अ‍ॅक्टिन या दुसऱ्या प्रथिनाला धरतं आणि ती पकड सुटायला एटीपी, म्हणजे पेशींचं ऊर्जेचं रसायन, लागतं. मृत्यूनंतर एटीपी संपतं, पकड सुटत नाही, देह ताठरतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा ताठरपणा साधारण 18 ते 36 तास टिकतो. तो जातो तेव्हा एटीपी परत आलेलं नसतं, प्रथिनंच विघटित होऊ लागलेली असतात. त्यामुळे 'दुसऱ्या रात्री देह सैल झाला आणि उठला' हे सोयीचं असलं तरी खोटं.

आता साठ्याचा हिशोब. प्रौढाच्या स्नायूंत साधारण 400 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, असतं. ऑक्सिजन नसेल तर त्यातल्या दर ग्लुकोजमागे 3 एटीपी, असेल तर 30च्या आसपास. म्हणजे ऑक्सिजनशिवाय संथ चालीचा जेमतेम तास. तोही हातांतला साठा पायांपर्यंत पोचला तर, आणि रक्त तर थांबलंय! शिवाय लॅक्टिक आम्लामुळे स्नायूचा पीएच 7वरून 5.5कडे घसरतो आणि ही प्रक्रियाच बंद पडते. तुमचं प्रेत रात्रभर भटकत असेल तर बाहेरून पुरवठा करणारं काहीतरी हवं. मुंगीला हवं तसं चालवणारी ऑफिओकॉर्डिसेप्स बुरशी तिच्या मेंदूत न शिरता तिच्या स्नायूंभोवती जाळं विणते. बाईंचा पहिला संशय तिथे जाऊ द्या. वेताळ हेही उत्तर आहेच, पण मग प्रयोगशाळा कशाला?

बाईंना बडोद्यात ठेवा. दांडिया बाजारातलं जुनं मराठी घर, घरी 'शैलाताई', शवागारात 'शैलाबेन'. मे महिन्यात पारा 40च्या वर गेला की देह थंड होतच नाही, मृत्यूची वेळ तापमानावरून काढता येत नाही. त्यांना डोळ्यातल्या द्रवाचं पोटॅशियम मोजायला लावा. नमुना 4 अंशांवर ठेवा. प्रेत टिकवायचं फॉर्मेलिन मुळीच नको: ते प्रथिनांना एकमेकांत जखडतं, मग बोटसुद्धा वळत नाही. बरेच लेखक इथेच फसतात.

कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे, म्हणून तिला उठवायचा मोह होईल. ममी करताना आतडी काढून देह नेट्रॉन क्षारात सुकवत, त्यामुळे तिथे स्नायू उरले तरी पाणी नाही. बाईंना ती 'हे उठणार नाही' याची तुलना म्हणून हवी.

कागदपत्रांत मात्र खरी गंमत आहे. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते. नोंदीनंतर उठलेल्यावर प्रयोग करायला संमती कोणाची? मुलगा सही करायला तयार, आणि बापाने पेन आधीच हातात घेतलेलं.