आखाजीच्या कुरडया आणि कस्टमची खिडकी

आधीच सांगते, भारतातून जर्मनीला येणाऱ्या पार्सलात तूप घालू देऊ नका. आईला, मावशीला, सासूला, कुणालाच नाही. बाकीचं सवडीने वाचा.

माझं माहेर खानदेशात, धरणगाव-अमळनेरच्या मधलं एक खेडं. आमच्याकडे आखाजीपुढे, म्हणजे अक्षय्य तृतीयेपुढे, दिवाळीही फिकी. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. जेवायला खापरावरची (मातीच्या उपड्या भांड्यावर भाजलेली) पुरणपोळी, आमरस, रशी-भात आणि ताटाबाहेर जाईल एवढी कुरडई. जर्मनीत आल्यापासून माझ्या सगळ्या आखाज्या कोरड्या गेल्या होत्या. २०२५ साली आखाजी ३० एप्रिलला होती आणि १ मे ची इथे सुट्टी असते. म्हटलं, या वर्षी पंगत बसवायचीच.

आईने गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून कुरडया घातल्या. त्यासोबत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, आणि काळा मसाला. भावाने खोकं तालुक्याच्या पोस्टात दिलं. ते जर्मनीत पोचलंही वेळेत. आणि १७ एप्रिलला पत्र आलं: तुमचं पार्सल कस्टममध्ये आहे, कागदपत्रं घेऊन या.

दुसऱ्या दिवसापासून ईस्टरच्या सुट्ट्या. सोमवारपर्यंत सगळं बंद. मंगळवारी रजा टाकून गेले. गावाबाहेर, बस दर तासाला एक. नंबर घेतला, दीड तास बसले. खिडकीतला माणूस म्हणाला, "बिल?"

"बिल नाही. आईने घरी केलंय."

"मग किंमत कशी कळणार?"

आता आईच्या कुरडईची किंमत मी काय सांगू? तो खोक्यावरच्या फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला, इथे ६,००० रुपये लिहिलंय. मला काही सुधरेना. बाहेर येऊन भावाला फोन लावला तर म्हणे, "अगं ताई, हरवलं तर भरपाई जास्त मिळेल म्हणून लिहिले." शहाणाच! युरोपीय संघाबाहेरून घरच्या माणसाने पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत करमुक्त असते, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण ४,३०० रुपये. त्यात 'भेटवस्तू'च्या चौकोनात खूण नव्हतीच, आणि आत काय आहे तिथे लिहिलं होतं 'घरगुती सामान'. एवढ्यावर कुणालाही शंका येईल, हे मला आज पटतं. त्या दिवशी मी बसस्टॉपवर उभी राहून खिडकीवाल्यापासून भावापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला.

गुरुवारी परत गेले. कुरडई विकणाऱ्या दोन-तीन दुकानांचे ऑनलाइन भाव छापून नेले होते. या वेळी बाई होत्या. त्यांनी माझ्यासमोर खोकं कापलं. कुरडई उजेडात धरून पाहिली, हळूच दाबली, ती मोडली. मी म्हटलं, नूडल्स आहेत, गव्हाच्या, वाळवलेल्या. "नूडल्स गोल का?" याला काय उत्तर देणार? काळ्या मसाल्याची पुडी त्यांनी उघडली आणि शिंकल्या. मला हसू आवरेना, त्यांनाही आलं. वाटलं, सुटलो.

तेवढ्यात कुरडयांच्या तळाशी, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला स्टीलचा डबा निघाला. साजूक तूप. मला पत्ताच नव्हता. दुधामांसाचे पदार्थ बाहेरून असे खासगी पार्सलने आणायला युरोपात बंदी आहे, आणि तूप दुधाचंच. बाईंनी डबा उचलून मागच्या निळ्या क्रेटमध्ये ठेवला. रिकामा करून तरी द्या म्हटलं, नाही म्हणाल्या. थोडा कर भरला आणि खोकं काखेत मारून बाहेर पडले.

त्या रात्री आईचा फोन. "तूप सापडनं का?" "सापडलं," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

पाठवणाऱ्याला फॉर्म कसा भरायचा ते आधी सांगून ठेवा. भेटवस्तूची खूण, खरी किंमत, आणि एकेक पदार्थ इंग्रजीत, वजनासकट. खोकं दीड महिना आधी निघू द्या. तुपासाठी इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात 'बटरश्माल्झ' मिळतं, ते कढवलेलं लोणीच असतं. पुरणावर घातलं तर पाहुण्यांना फरक कळला नाही, मला कळला.

बाकी जेवणाचं फार सांगण्यासारखं नाही. खापर कोण आणणार? लोखंडी कढई कॅम्पिंगच्या गॅसवर उपडी घातली. इथे गव्हाच्या पिठाला नंबर असतात; ४०५ नंबरच्या पिठाची पोळी हातावर फाटली, ५५०ची मनगटापासून कोपरापर्यंत ताणली गेली. पहिल्या तीन पोळ्यांचा नकाशा झाला, चौथी बरी. रस डब्यातला, केसरचा. भारतातून येताना पिशवीत आंबे टाकून आणू नका, रोपस्वच्छतेचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे, त्यात ना आंबा ना डांगर. डांगर मी इथल्या तुर्की दुकानातून घेतलं. आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवावर टाकायचा घास, बाल्कनीत, बार्बेक्यूच्या कोळशावर टाकली, कारण घरात धूर झाला की छतावरचा अलार्म कोकलतो. कुरडया तळताना तो तरीही दोनदा कोकललाच.

एक राहिलं. खोक्यातल्या अख्ख्या कुरडया निघाल्या अकरा, बाकी सगळा चुरा. तो फेकू नका. कोमट पाण्यात भिजवायचा, निथळायचा, कांदा-लसणाच्या फोडणीत काळा मसाला घालून परतायचा. १ मे ला दुपारी आम्ही तीच भाजी खाल्ली, आदल्या दिवशीच्या उरलेल्या पोळ्यांसोबत.