९६ वेळा

बुधवार, रात्री १०

संध्याकाळी आईचा फोन आला होता. ती गुडघ्याचं काहीतरी सांगत होती आणि मी कानात इअरफोन घालून, तिचं बोलणं चालू असतानाच रील सरकवत होते. ती मध्येच थांबली. "कामात आहेस का गं? मग करते नंतर." ठेवलाच तिने. मी कुठल्याही कामात नव्हते.

आत्ता सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल वेलबीइंग उघडलं. आजचे ४ तास ७ मिनिटं, त्यातले सव्वादोन तास नुसत्या रील्स. पण पोटात गोळा आला तो खालचा आकडा बघून. दिवसभरात फोन ९६ वेळा अनलॉक केला. झोपेचे सात तास सोडले तर दर दहा-अकरा मिनिटांनी एकदा! कशासाठी, ते आठवत बसले. कुकरची शिट्टी होईपर्यंत. डोंबिवलीला फास्ट येईपर्यंत. लिफ्टमध्ये. बाकीचं आठवतही नाही, याचंच जास्त वाईट वाटतंय.

माहेरच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद होतात, पोरं अभ्यासाला बसतात. गावाने मिळून ठरवलं, ही त्यातली मोठी गोष्ट. शेजारच्या घरातही टीव्ही बंद असला की "मलाच का?" म्हणायला पोराला जागा राहत नाही. आमच्या सोसायटीत असा भोंगा वाजवणारं कोणी नाही, म्हणून घरापुरतं ठरवलं. रील्सच्या अ‍ॅपला २० मिनिटांचा टायमर. साडेनऊनंतर बेडटाइम मोड, म्हणजे स्क्रीनचे रंगच जातात. चार्जर हॉलमध्ये, उशाशी गजराचं घड्याळ.

लोकलमध्ये मात्र फोन हवाच. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभा केलेला मराठी विश्वकोश आता फोनवर फुकट वाचता येतो. दादरपर्यंत एक नोंद सहज होईल. उद्या सांध्यांबद्दल काही मिळतं का बघते.

आणि उद्या सातला आईला फोन. गॅलरीत बसून, स्पीकरवर, फोन पालथा ठेवून. गुडघ्याचं ती नेमकं काय म्हणाली, ते पुन्हा विचारायचंय.