महाराष्ट्र तोडायचा आहे का?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो. पुण्यात वीस वर्षे झाली, मी मूळचा भंडारा जिल्ह्यातला, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला, हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मराठी असूनही वेगळा विदर्भ कशाला? महाराष्ट्र तोडायचा आहे का?" विदर्भाला हमी देणारा १९५३ चा नागपूर करार, वेगळ्या विदर्भाची फाजल अली आयोगाची शिफारस आणि मारोतराव कन्नमवारांपासूनची विदर्भातल्या मुख्यमंत्र्यांची यादी तुम्हाला पाठ आहे. म्हणून आमच्या तलावाविषयी सांगतो.

तो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातला. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाला, तरी तुडूम, म्हणजे पाणी सोडायचे दार, केव्हा उघडायचे आणि कोणत्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, आधी पाणी द्यायचे हे गावच ठरवत असे. मी महाविद्यालयात असताना ऑगस्टमधल्या एका रात्री पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, फुटली. सकाळी साठ-सत्तर माणसे फावडी आणि घमेली घेऊन पाळीवर उभी होती, त्यांत माझे वडीलही होते. दुपारी एका कार्यालयाचा कर्मचारी आला आणि त्याने बजावले की पाळ सरकारी मालमत्ता आहे, मंजुरीशिवाय हात लावाल तर गुन्हा दाखल होईल. माणसे घरी परतली. अंदाजपत्रक तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून वर गेले आणि त्रुटी लागून परत आले; वडिलांनी तीन फेऱ्या मारल्या. ऑक्टोबरमध्ये भारी, म्हणजे उशिरा पिकणारे, धान गर्भावर आले तेव्हा तलावात घोटाभर चिखल होता. लोंब्या पोचट राहिल्या आणि वडिलांनी उभ्या धानात गुरे सोडली. आजोबांनी घातलेल्या मातीवर माती टाकायलाही परवानगी लागते, हे त्यांना नुकसानीपेक्षा जास्त लागले. मंजुरी मार्चमध्ये आली.

राजधानी नागपूरला असती तर कागद वेळेत हलला असता, असे मी पुढे कितीतरी वर्षे ठासून सांगत होतो. आज त्या माझ्याशीच माझा वाद आहे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे मामा तलाव जिल्हा परिषदेकडेच असतात, आमचाही होता. ताबा खाली होता. पैसा आणि मंजुरी वर. ७३ व्या घटनादुरुस्तीने लघुसिंचन हा विषय अकराव्या अनुसूचीत घातला, पण पंचायतींना किती अधिकार द्यायचे हे राज्याच्या विधिमंडळावर सोडले. उद्याचे नागपूरचे विधिमंडळ ते देईलच, अशी हमी मी देऊ शकत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो नवे राज्य न होताच, हेही माझ्या विरोधात जाते.

मात्र तो हक्क संसदेच्या २००६ च्या वनहक्क कायद्यामुळे मिळाला, मुंबईने आपणहून हात सैल केला म्हणून नव्हे, हे तुम्हीही मान्य करा. विदर्भासारख्या भागांना निधीचा न्याय्य वाटा मिळावा म्हणून नेमलेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा ती वाढवून मिळावी म्हणून आम्हाला पुन्हा वरच पाहावे लागले. म्हणून मी मागणी सोडलेली नाही. फक्त आता नागपूरकडूनही तेच मागेन, जे मुंबईकडे मागतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा पाळीला सांडव्याजवळ नवी भेग दिसली. माती का टाकली नाही, असे चुलतभावाला विचारले. तो म्हणाला, अर्ज केला आहे.