तुम्ही विचारलंत म्हणून: कालवं खायची की नाही?

"सॅम्पल पॉझिटिव्ह आलं ना? मग खायची की नाही, एका शब्दात सांगा." मी कालवांत (खाडीतल्या शिंपल्यांत) विषाणू तपासते, त्यामुळे लग्नात, एसटीत, सगळीकडे हेच. एका शब्दात मावत नाही म्हटलं की लोकांना वाटतं, ही काहीतरी लपवतेय.

लपवत नाही. कालव दिवसभर पाणी गाळतं आणि त्या पाण्यातलं सगळं त्याच्या पचनग्रंथीत जमतं. आम्ही तेवढीच ग्रंथी कापून घेतो, 2 ग्रॅम, आणि पीसीआर चाचणीने त्यात नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा) आणि हिपॅटायटिस ए (काविळीचा) या विषाणूंचा आरएनए, म्हणजे त्यांचं जनुकीय द्रव्य, शोधतो. आरएनए सापडला म्हणजे माणसाचा मैला इथवर पोचलाय, हे नक्की. त्यातला विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे ही चाचणी सांगत नाही. कालवं स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवली तर ई. कोलाय, म्हणजे मैल्याची खूण म्हणून तपासतात तो जिवाणू, दोन दिवसांत उतरतो, नोरोव्हायरस मात्र कालवाच्या आतड्यातल्या साखरेला चिकटून बसतो. म्हणून ई. कोलायचा स्वच्छ रिपोर्ट दाखवून माझ्याशी वाद घालू नका. 1988 मध्ये शांघायला अर्धकच्च्या शिंपल्यांतून जवळपास 3 लाख लोकांना कावीळ झाली होती. मी उगाच घाबरवत नाही.

पण सिंधुदुर्गातल्या त्या खाडीवर रिझल्ट सांगायला गेले, तेव्हा यातलं काहीच कामाला आलं नाही. कालवं काढून आणलेल्या मावशी टोपली पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. ग्राफकडे बघितलंही नाही. "मगे आमी काय करूचा, ता सांग."

मी म्हटलं, नीट शिजवा. शिंप उघडली म्हणजे शिजली असं नाही, आतपर्यंत 90 अंश, दीड मिनिट.

"आमी काय कच्ची खातो?" मग वरच्या अंगाच्या लॉजकडे बोट दाखवलं. सांडपाण्याचा पाइप थेट खाडीत. "त्येंका काय सांगितलंस?"

काही नाही. आमची परवानगी फक्त शिंपल्यांच्या सॅम्पलची होती. पाइपाच्या तोंडाशी बाटली धरायची नव्हती. हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या, आणि ते हसणं मला शिवीहून लागलं. आठवड्याभरात बाजारात बोभाटा झाला आणि त्यांची टोपली विकल्याविना परत यायला लागली. लॉज भरलेलं होतं.

रिझल्ट बरोबर होता, आजही तोच देईन. पूर्वीची मी म्हणायची, आपण आकडा द्यावा, अर्थ लोक लावतील. लावतात की, मासळी बाजारात, अर्ध्या तासात. मग आकडा दाबायचा? तेही पटत नाही. कोणाच्या घरी कावीळ झाली, तर मावशींचं नाव सांगून सुटता येणार नाही.

मुंबईत 2001 पासून गटारांच्या पाण्यात पोलिओ शोधतात. सापडला तर पोरांना डोस पाजतात, त्या वस्तीत राहू नका असं कोणी म्हणत नाही. तोच मैला कालवात सापडला की कालवंच बंद. हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

मी खाते का? घरी सुकं करून, नीट शिजवून, हो. लिंबू पिळून कच्ची, नाही. आणि पाइपाच्या सॅम्पलसाठी अर्ज केलाय. अजून उत्तर आलेलं नाही.