मुलीचं तिथं कसं निभेल?

"मॅडम, लष्करात एवढ्या पुरुषांत आमच्या मुलीचं कसं निभेल हो?" सोलापूरच्या पार्क मैदानावर पहाटे धावायला येणाऱ्या मुलींचे आईवडील मला हे हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

धावणं, एसएसबीचे, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्यांचे पाच दिवस, चेन्नईच्या ओटीएतलं, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीतलं प्रशिक्षण, हे सगळं मुली निभावतात. मला काळजी त्यापुढची वाटते.

माझं लष्करातलं पहिलं पोस्टिंग रेशनच्या डेपोत. रात्री-अपरात्री गाड्या लागायच्या. पहिल्याच आठवड्यात मी सहीला पेन उघडलं, तर साताऱ्याकडच्या सुभेदार साहेबांनी रजिस्टरवर हात ठेवला. "मॅडम, आधी पोती मोजा." टॉर्च घेऊन मोजली. पिठाची दोन पोती कमी भरली.

दुसरा धडा एका सीनियर मॅडमचा. वर्षाअखेरीस एसीआर, म्हणजे वरिष्ठांनी लिहिलेला अहवाल, माझ्यासमोर आला. 'शिस्तप्रिय, मनमिळाऊ.' मी खूश! त्यांनी एवढंच विचारलं, "डेपो तू चालवतेस, ते लिहिलंय का त्यात?" नव्हतं लिहिलेलं.

वैद्यकीय आणि नर्सिंग सोडून इतर शाखांत महिला अधिकारी आल्या त्या १९९२ पासून, त्याही ठरावीक वर्षांपुरत्या. ही कायम राहणारच नाही, तर अहवाल मन लावून कोण लिहिणार? १७ फेब्रुवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं स्थायी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीपर्यंत नोकरीत राहण्याचा हक्क मान्य केला आणि निवडीसाठी तेच जुने अहवाल बाहेर निघाले. हा अन्याय आहे हे कोर्टाला मार्च २०२१ मध्ये पुन्हा निकाल देऊन सांगावं लागलं. तो निकाल वाचताना मला माझे ते दोन शब्द आठवत होते. अजूनही जिवाला लागतं ते.

३० मे २०२५ ला खडकवासल्याहून एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. त्यांना विचारायला सीनियर मॅडम आहेत. सुरुवातीच्या बॅचना कोण होतं?

परवा पूर्वभागातले एक यंत्रमाग कामगार मुलीला घेऊन घरी आले. बराच वेळ वडीलच बोलत होते. मग मी मुलीकडे वळले. तिनं विचारलं, "मॅडम, नोकरीत पुढच्या प्रशिक्षणाच्या कोर्सला माझं नाव घातलं नाही तर?"

"लेखी अर्ज द्यायचा. प्रत स्वतःजवळ ठेवायची. उत्तर आलं नाही तर पुन्हा द्यायचा."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं. वडील वाकून बघत होते.