डिस्नीची मिलिटरी तिकिटं: बंटी सोबत नसेल तर गेटवर जाऊ नका

आधी कामाचं सांगतो, मग रडगाणं. डिस्नी वर्ल्डचं मिलिटरी डिस्काउंटचं तिकीट हातात आलं म्हणजे तुम्ही आत गेलात असं नाही. ज्याच्या नोकरीवर ते तिकीट निघालंय तो माणूस, नाहीतर त्याचा नवरा किंवा बायको, ओरिजिनल मिलिटरी ओळखपत्र घेऊन खिडकीवर उभं राहायला लागतं, मग ते तिकीट चालू होतं. तोपर्यंत नुसता कागद. हे मला कोणी सांगितलं नाही (बायको म्हणते बंटीनं दोनदा सांगितलं होतं, तू फोनवर हो हो करत होतास), आणि त्यापायी जूनच्या ओरलँडोमध्ये आम्ही साडेतीन तास एका जागी काढले.

बंटी म्हणजे माझा मामेभाऊ. शिकायला आला आणि अमेरिकन आर्मीत गेला. २००९ ते २०१६ मध्ये मॅवनी म्हणून एक स्कीम होती, ग्रीनकार्ड नसलं तरी ठराविक भाषा येणाऱ्यांना भरती करायचे, त्यात हा हिंदीच्या जोरावर लागला. शाळेत हिंदीत काठावर पास होणारा पोरगा. आता जॉर्जियात फोर्ट स्ट्युअर्टला असतो. माझे आईबाबा साताऱ्याहून आलेत म्हटल्यावर तोच म्हणाला, दादा, आत्याला आणि मामांना डिस्नी दाखवू, बेसवरच्या तिकीट ऑफिसात मिलिटरीवाली स्वस्त मिळतात, मी काढतो. आमच्या तारखांना बाहेरचा दर बघितला तर खरंच निम्म्याच्या आसपास पडत होतं, आणि वर पार्क हॉपर, म्हणजे एका दिवसात एका पार्कातून दुसऱ्यात जाता येतं. मी लगेच हो म्हटलं.

इथपर्यंत सगळं गोड. पुढे गणित चुकलं.

एका सर्व्हिस मेंबरला, म्हणजे फौजीला, वर्षाला सहा तिकिटं. सहाच. त्यातलं एक त्यानं किंवा बायकोनं स्वतः वापरायचं, बाकीची नातेवाईक, मित्र, कोणालाही चालतात, रक्ताचं नातं दाखवायला लागत नाही. आमची डोकी मोजा: बंटी, त्याची बायको, मी, माझी बायको, सात वर्षांची लेक, आई, बाबा. सात. बंटीचं पोरगं दोन वर्षांचं, तीनच्या आतल्यांना तिकीटच नाही, ते सुटलं. आणि लेकीला कमी पैसे पडतील असं मी धरलं होतं तेही चुकलं, साध्या तिकिटात ३ ते ९ वयाला थोडा कमी दर असतो, मिलिटरीच्यात तीनच्या वरच्या सगळ्यांना एकच भाव. जिथे नवरा-बायको दोघंही फौजेत आहेत त्यांची मजा, दोघांचे मिळून बारा होतात. आमचा बंटी एकटाच फौजी.

आता सातवं तिकीट. इथे मी शहाणपणा केला. एका ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं की आर्मीवाल्या मित्राचं एक तिकीट उरलंय, चार दिवसांचं हॉपर, ३०० डॉलर, फर्स्ट कम फर्स्ट सर्व्ह. मी बंटीला विचारलंसुद्धा नाही, म्हटलं सरप्राईज देऊ, एकाचा प्रश्न परस्पर सुटला. पैसे ऑनलाईन पाठवले, तिकीट पोस्टानं आलं, दिसायला बंटीच्या सहा तिकिटांसारखंच. मी खूश. डोक्यात आपल्याकडच्या फौजी कॅन्टीनचं गणित होतं, बाबा माजी सैनिक, त्यांच्या कार्डावर आमच्या अख्ख्या आळीचे मिक्सर आणि प्रेशर कुकर आलेत, कार्ड बाबांचं, मिक्सर जोशीकाकूंचा, कोणाला काय पडलंय. इथे पडलेलं असतं.

पहिला दिवस मॅजिक किंगडम. बंटीची आदल्या रात्री ड्युटी, तो रात्री निघू शकला नाही, म्हणाला पहाटे निघतो, दहापर्यंत पोचतो. आम्ही अटलांटाहून आदल्या दिवशीच येऊन राहिलो होतो. तिकिटं माझ्याकडे (बंटीनं आधीच पाठवून ठेवली होती, हीच ती चूक, हातात होती म्हणून मी शेफारलो). म्हटलं आपण पुढे होऊ, सकाळची गर्दी नसताना दोन-तीन राईड उरकू, तो आला की भेटू. सव्वाआठला पार्किंगला.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी: मॅजिक किंगडमला गाडी थेट गेटपाशी जात नाही. गाडी लावायची, मग ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर नावाचा प्रकार, तिथे सिक्युरिटी, तिकीट खिडक्या, आणि तिथून तळ्यापलीकडे बोटीनं किंवा मोनोरेलनं गेट. बोट-मोनोरेलचं हे १९७१ पासून असंच आहे. नाव मोठं पण जागेचा फील आपल्या स्वारगेटचा, फक्त कोणी पुणे-सातारा-कोल्हापूर ओरडत नाही. लोक येतात आणि पुढे जातात. राहतं कोणी नाही. आम्ही राहिलो.

खिडकीवरच्या बाईनं सातही तिकिटं बघितली आणि हसून विचारलं, सर्व्हिस मेंबर कुठे आहेत? म्हटलं रस्त्यात. म्हणाली, ते आले की सगळे मिळून या. मी म्हटलं अहो हे माझे आईवडील, ही मुलगी, तिकिटाचे पैसे भरलेत. ती तेवढंच गोड हसून तेच बोलली. तिची काही चूक नाही, नियम तोच आहे आणि लिहिलेला आहे. मी बाजूला होऊन बंटीला फोन लावला, म्हटलं तुझ्या कार्डाचा फोटो पाठव व्हॉट्सॲपला. तर तो गाडी चालवता चालवता ओरडला, दादा वेडा आहेस का, नोकरी घालवशील. अमेरिकेत मिलिटरी आयडीची अशी कॉपी काढण्यावर कायदाच आहे, टायटल १८ मधलं कलम ७०१. आणि फोटो असून उपयोगही नाही, खिडकीवर खरं कार्ड आणि खरा माणूस लागतो. सवलत बंटीला आहे, आपण बंटीच्या मागे उभे.

तेवढ्यात मागून बाबा पुढे. बाबा मराठा लाईट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलं आणि खिडकीत सरकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं बाबा, ते इथे नाही चालत. बाबा म्हणाले, "बघू तर दे त्यांना, मिलिटरीच लिहिलंय ना?" बाईनं कार्ड उलटंसुलटं करून नीट वाचलं, शेजारच्या खिडकीतल्या माणसाला बोलावून दाखवलं, आणि दोन्ही हातांनी परत देत म्हणाली, थँक यू फॉर युवर सर्व्हिस, सर. डिस्काउंट अर्थातच नाही. (बाहेरच्या देशाच्या फौजेतल्यांपैकी जे अमेरिकन बेसवर पोस्टिंगला असतात आणि ज्यांच्याकडे निळ्या पट्टीचं अमेरिकन कार्ड असतं त्यांनाच मिळतं.) पण बाबांचा दिवस तिथेच वसूल झाला, अख्ख्या ट्रिपमध्ये ते एवढे ताठ चालताना मी नंतर बघितले नाहीत.

मग वाट बघणं. बंटी जॅक्सनविलच्या आसपास ट्रॅफिकमध्ये अडकलेला, दहाचे अकरा, अकराचे पावणेबारा. ऊन म्हणजे कोकणातलं मे महिन्याचं, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, लेक दर पाच मिनिटांनी विचारतेय बोटीत कधी बसायचं. आईनं पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली म्हणून निभावलं. हे लक्षात ठेवा, बाहेरचं खाणं न्यायला डिस्नीत परवानगी आहे, काचेची बाटली आणि दारू नको, बाकी दशमी, चिवडा, ठेपला काहीही. आत काउंटरवर बर्फाचं पाणी कपातून फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नका.

आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आला ते हे: त्या सेंटरवरून पॉलिनेशियन हॉटेल चालत काही मिनिटांवर आहे. एसी लॉबी, बसायला जागा. हॉटेलांना जाणाऱ्या मोनोरेललाही तिकीट लागत नाही, म्हातारी माणसं आणि पोरं घेऊन नुसती चक्कर मारली असती तरी तास गेला असता गारव्यात. हे मला संध्याकाळी कळलं. अडकलात तर तिथे जा, माझ्यासारखे खांबाच्या सावलीमागून सरकत बसू नका.

पावणेबाराला बंटी आला, कडेवर पोरगं, मागे बायको. खिडकीवर कार्ड दाखवलं आणि पाच मिनिटांत सहा तिकिटं चालू. सातवं स्कॅन करून बाई म्हणाली हे दुसऱ्या सर्व्हिस मेंबरवर निघालंय, त्यांना यायला लागेल. बंटीनं माझ्याकडे बघितलं. "दादा, हे कुठून आणलंस?" मी सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसता मान हलवत राहिला, ते जास्त लागलं. ही तिकिटं विकायची नसतातच, ज्यानं विकलं तो नियम मोडत होता आणि मी त्याला ३०० डॉलर देऊन मदत केली. त्या माणसाला मेसेज केला, आधी "ओह, चेक करतो", मग दोन निळ्या टिका, मग डीपीच गायब. मी स्वतःसाठी पूर्ण दरानं तिकीट काढलं. म्हणजे सहा तिकिटांत जे वाचवलं त्यातला चांगला लचका सातव्यानं खाल्ला.

स्पष्टच सांगतो, ग्रुपवर, मार्केटप्लेसवर, कुठल्याही ओळखीच्या ओळखीतून मिलिटरी तिकीट विकत घेऊ नका. विकणारा तुमच्याबरोबर खिडकीवर येणार नसेल तर ते तिकीट नाहीये. आणि एकदा गेटवर बोटाचा ठसा जोडला गेला की ते दुसऱ्या कोणाला चालत नाही, त्यामुळे "दोन दिवस उरलेत, घेता का" वाल्यांपासूनही लांब.

एकदा चालू झालं की मात्र बंटीला चिकटून राहायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी तो पोरगं घेऊन उशिरा आला, आम्ही आमचे गेलो, कोणी काही विचारलं नाही. चार दिवस सलग वापरायचीही सक्ती नाही. म्हणून ज्यांचा फौजी एकच दिवस येऊ शकतो त्यांनी तो पहिला दिवस धरा. तो येत नसेल तर त्याच्या बायकोला आणा, कार्डासकट. आमच्यात बंटीच्या बायकोला आदल्या रात्री आमच्या गाडीत घातलं असतं तर हे सगळं टळलं असतं, पण हे सुचलं परतीच्या वाटेवर. त्या त्या वर्षीच्या बंद तारखाही, म्हणजे ज्या दिवशी ही तिकिटं चालत नाहीत त्या, आधी बघून घ्या.

या सवलतीत कोण बसतं, कोण नाही, यावरही लोकांचे गैरसमज आहेत. सध्या नोकरीत असलेले, रिझर्व्ह आणि नॅशनल गार्ड (म्हणजे बहुतेक अर्धवेळ फौजी), आणि पेन्शनसह रिटायर झालेले, हे चालतात. चार-पाच वर्षं नोकरी करून बाहेर पडलेला नुसता व्हेटरन डिस्नीच्या या तिकिटात बसत नाही, शंभर टक्के सर्व्हिस डिसॅबिलिटी, म्हणजे नोकरीमुळे आलेलं अपंगत्व, असेल तर गोष्ट वेगळी. तुमचा मित्र "मी आर्मीत होतो" म्हणाला तर आधी कार्ड कुठलं आहे ते विचारा, लाजू नका.

डिस्नीबाहेरच्या पार्कांची नियमावली वेगळी. सीवर्ल्डमध्ये नोकरीतल्या फौजींना वर्षातून एकदा फुकट, सोबत घरचे तीन डिपेंडंट, आधी ऑनलाईन व्हेरिफाय करायचं. पण डिपेंडंट म्हणजे बायकापोरं, मामेभाऊ नाही. चौथ्या दिवशी बंटी तिकडे गेला, आम्ही हॉटेलवर कपडे धुतले.

राहण्याचं म्हणाल तर डिस्नीच्या आवारात शेड्स ऑफ ग्रीन म्हणून फौजेचंच हॉटेल आहे, १९९४ पासूनचं, भाडं हुद्द्याप्रमाणे. तिथून तिकीट सेंटरला चालत जाता येतं. आम्हाला खोल्या मिळाल्या नाहीत, उशीर केला. तुमचा फौजी बुक करणार असेल तर महिनोन् महिने आधी सांगा त्याला. आम्ही बाहेर जिथे राहिलो तिथे बुकिंगच्या वेळी न दाखवलेली फी शेवटी बिलात घातली, नाव घेत नाही, पण फी विचारून घ्या.

ॲनिमल किंगडम छान, एपकॉट छान, फार काही सांगण्यासारखं नाही. दुपारी तीनच्या सुमारास रोज गडगडून पाऊस येतो, विजा असल्या की बाहेरच्या राईड बंद, रेनकोट घरून आणा. लाइटनिंग लेन, म्हणजे राईडची लांब रांग टाळायची सोय, मिलिटरी तिकिटात नसते, वेगळे पैसे. राईडला उंचीची अट असते, आधी पोराला मोजून न्या, स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात, आमची लेक अर्ध्या इंचानं हुकली आणि तिनं भोंगा पसरला.

तळ्यातून परत येताना जी बोट लागली तिचं नाव जनरल जो पॉटर. बंटीनं सांगितलं, हे आर्मी इंजिनिअर्समधले मेजर जनरल, पनामा कॅनॉल झोनचे गव्हर्नर होते, मग डिस्नीत येऊन हे सगळं दलदलीतून उभं करायला मदत केली. बाबा म्हणाले, मग बरोबर आहे, आणि कठड्याला हात ठेवून पूर्ण वेळ उभे राहिले. आई बसून होती, तिचे पाय सुजले होते, तिला कोणाचंच नाव ऐकायचं नव्हतं.

परत आल्यापासून तिघांनी फोन करून विचारलंय की बंटीला सांगून आमचीपण काढून दे ना. या वर्षीची सहाही संपली आहेत. आणि पुढच्या वर्षीची आत्तापासून बंटीच्या सासरच्यांनी सांगून ठेवलीत.